सुनेच्या आधी भरलेलं बिल

लायटीची तार पकडीने तोडताना कट्ट असा आवाज होतो. लहानपणी एकदाच ऐकला, तो आयुष्यभर पुरला. वडील बिल भरायला विसरले होते. तेव्हापासून माझा नेम ठरला. बिल हातात आलं की दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरला, वीज कचेरीत भरायला. माझी फजिती झाली ती या वक्तशीरपणामुळेच, ऐका.

सून सुनंदा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. कंपनीच्या गाडीसाठी रोज सकाळी दीड कोस चालत फाट्यावर जाते. तिला स्कूटर घ्यायची होती, पण कर्ज मिळेना. का, तर तिने आजवर कर्जच घेतलं नाही म्हणे. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला हे कसं कळावं?

शोरूमवाल्याने तोडगा सांगितला. घरचं बिल स्वतःच्या खात्यातून सहा महिने वेळेवर भरा, तुमची पत वाढेल. सुनंदाने मीटर आपल्या नावावर केला आणि पैसे मुदतीला आपोआप कापले जातील अशी सोय केली.

"आबा, आता लायटीच्या बिलाकडं तुम्ही बघायचं नाय."

"बरं गो," मी म्हटलं.

पण तुम्हीच सांगा, पोरीने चालून टाचाही फोडून घ्यायच्या आणि बिलही तिनेच भरायचं? मग माझी पेन्शन कशाला? कागद आला की मी गुपचूप पोलादपूर गाठायचो.

"आबा, तिकडं काय काम होतं?"

"दाढी करायला गेलेलो."

"दाढी तर तशीच हाय."

तिने लाल हेल्मेट आधीच आणून खुंटीला लावलं होतं. सहा महिने झाले तशी ती शोरूमला गेली आणि पडक्या चेहऱ्याने परत आली.

"आबा, माझ्या खात्यातनं एक रुपया कापला नाय. पत काय वाढली नाय. तो म्हणतो, तुम्ही एक पन बिल भरलेलं दिसत नाय."

मला राग आला. आपल्या घराला असं बोलतो? मी डबा उघडून सहाच्या सहा पावत्या तिच्यापुढे मांडल्या.

"दाखव त्याला. एक दिवस उशीर नाय."

"हे तुम्ही भरलंत? रोख?"

"मग! तुझ्या खात्याला हातसुद्धा लागू दिला नाय."

तिने पावत्या एकेक करून परत डब्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला निघताना तिने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, अलगद माझ्या डोक्यावर ठेवलं आणि फाट्याकडे चालू लागली.