गुळाचं पाणी

आमच्या घरात शिकलेला मी एकटाच. अमरावतीला कारकून आहे, सही झोकदार करतो. एवढ्या भांडवलावर गावाकडे मी डॉक्टर, वकील, इंजिनिअर सगळं होतो. मागच्या पावसाळ्यात मासेतज्ज्ञही झालो.

पातूरजवळ थोरल्या भावाचं शेततळं होतं, त्यात रोहू आणि कटला. दादाने पन्नाशीनंतर ठरवलं होतं, मासे जगले तर गावात राहायचं, नाही तर अकोल्याला गोदामावर राखणदारी धरायची. श्रावणात माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले. दादाचा फोन आला, "तू शिकेल मानूस हायेस. पाह्य काईतरी."

मी अमरावतीतल्या एका प्रशिक्षणात जाऊन बसलो. मधमाश्या झाडांचा चीक आणून पेटीच्या फटी बुजवतात. त्या डिंकाला प्रोपोलिस म्हणतात. तो स्पिरिटमध्ये विरघळवून, खाद्याला थोडासा चोळून, वाळवून दिला तर माशांना रोगाशी झुंजायला मदत होऊ शकते, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. मी सगळं वहीत उतरवलं. अक्षर सुंदर आलं.

मधपेटीवाल्याकडचा डिंक घेऊन गावी पोचलो. स्पिरिटचं नाव काढताच आई म्हणाली, "या घरात बाटली येनार नाई." आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमचा उंबरा दारूने ओलांडलेला नाही.

"औषधाची हाये, माय," दादा म्हणाला.

"तुहा काकाबी बाहीर ढोसून औषधच म्हने."

खरं तर स्पिरिट शेतातल्या झोपडीत ठेवता आलं असतं. निदान बाईंना फोन करून विचारता आलं असतं. पण मासेतज्ज्ञाने फोन करायचा म्हणजे पुन्हा कारकून व्हायचं. मी म्हणालो, "गुळाच्या पान्यात उकळू. चालते." हे वहीत कुठेच नव्हतं.

डिंक विरघळला नाही. गोळा होऊन कढईच्या बुडाला बसला. वास मात्र छान सुटला आणि आई पहिल्यांदा माझ्यावर खूश झाली. तीन दिवस आम्ही कढया चढवल्या. खाद्याला चोळून बादल्याच्या बादल्या पाणी उरायचं.

"फेकू काय?" दादाने विचारलं. "का तळ्यात ओतू?"

"ओत," मी म्हणालो.

आभाळ भरलेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. दुपारपर्यंत पाणी पांढऱ्या पोटांनी भरलं. मग मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गूळ पाण्यात कुजला, त्यानं प्राणवायू खाल्ला. चट्टेवाले मासे कदाचित वाचलेही असते.

दादाने खड्डा खणला. मी फावडं मागितलं, त्याने दिलं नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता तो अकोल्याच्या जुन्या शहरात गोदामाच्या दाराशी बसतो. आई गावात एकटी असते. त्या कढईत ती काही रांधत नाही. बुडाचा डिंक अजून निघालेला नाही. परवा दादाला भेटायला गेलो. त्याने खुर्ची मला दिली, स्वतः पोत्यावर बसला आणि सोबतच्या राखणदाराला म्हणाला, "हा माहा लहाना भाऊ. अमरावतीले असते. लय शिकेल हाये."

राखणदाराने मला नमस्कार केला. लगेच आपल्या पोराच्या खोकल्याबद्दल विचारू लागला.

"दवाखान्यात दाखवा," मी म्हणालो.

दादा हसला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.