दादाचा हात आणि मिरी

माझ्या थोरल्या भावाने आजवर कोणाकोणाला मारलं हे विचारण्यापेक्षा कोणाला सोडलं ते विचारावं. शाळेत त्याने गणिताच्या मास्तरांवर बाकाची फळी उगारली. कामावर मुकादमाचे पुढचे दोन दात पाडले. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला जिन्यावरून ढकललं, आणि तो माझा नवरा कधी झालाच नाही. मी शिवणकाम करते. जीभ माझीही तिखट आहे, पण दादाचा आवाज चढला की मी आजही मशीन आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सरकते. वय त्रेचाळीस. लाज वाटते, पण सरकते.

कामही त्याला शोभेल असंच मिळालं. जुन्या इमारती पाडायचं. यंत्र जिथे पोचत नाही तिथे दादाला पाठवतात. खांद्यावर घण टाकून तो जिन्याने वर जातो आणि घर फोडत फोडत खाली येतो. एकदा त्याला डबा द्यायला गेले होते. तो एका न्हाणीघराच्या निळ्या फरशांवर घण घालत होता. भिंत केव्हाच आडवी झाली होती, तरी घालतच होता. खालचे लोक हसून म्हणाले, "अडवायला जाऊ नका ताई. तो आपोआप दमतो." मला हसू आलं नाही. घरीही तो आपोआपच दमायचा.

मिरी त्याला अशाच एका पाडकामात सापडली. कारखान्यामागचा तबेला पाडायचा होता. मालक बाकी सगळं विकून गेला होता, ही तेवढी घोडी मागे राहिली होती. करड्या अंगावर काळे ठिपके, बरगड्या वर आलेल्या, आणि चावरी. पहिल्याच दिवशी तिने दादाच्या दंडाचा लचका तोडला. बरोबरचे लोक मागे सरले. आता घोडीचं काही खरं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. दादा मात्र रक्त गळणाऱ्या हाताने तिच्या कपाळावर थोपटत राहिला. हे त्या लोकांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तो दुसरा कोणी असेल.

पण तोच होता. घोडी त्याने स्वतःकडेच ठेवून घेतली. पुढची सहा वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कामावर जाण्याआधी तासभर खरारा, खुरांतली माती काढणं, पाय चोळणं. चाळिशी उलटल्यावर तो एका म्हाताऱ्या उस्तादांकडे घोडेस्वारी शिकला. मिरीने त्याला कितीदा पाडलं! एकदा गळ्याखालचं हाड मोडलं, एकदा तिने त्याच्या पावलावर पाय दिला आणि दोन बोटांची नखं गेली. त्याने तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. उस्ताद म्हणायचे, "चाबूक मारायला नसतो रे. खांद्याला नुसता टेकवायचा, तिला इशारा कळतो." दादा म्हणायचा, "माझ्या हातात नको." दोघे हौशी स्वारांच्या स्पर्धेतही उतरू लागले. त्या स्पर्धेत तीन भाग असतात. आधी मैदानात शिस्तीची चाल, मग रानातून भरधाव दौड आणि वाटेत न हलणारे लाकडी अडथळे, आणि शेवटी रिंगणातल्या उड्या. दौडीत घोडा अडथळ्यासमोर तीनदा अडला की बाद.

आता वहिनीबद्दल. मिरी आली त्यानंतर चार वर्षांनी, एका ओल्या टॉवेलवरून, दादाने वहिनीच्या कानाखाली आवाज काढला. कानाचा पडदा फाटला. डाव्या कानाने तिला अजून नीट ऐकू येत नाही. ती मुलीला, छोटीला, घेऊन माहेरी गेली. मी तिला अडवलं नाही, अडवायला मला तोंड नव्हतं. दादाने तिकडे जाऊन फाटक उखडून टाकलं, मग दोन वर्षं तो तिकडे फिरकला नाही.

मी मात्र जात राहिले. बहीण ना मी! दर खेपेला तेच पुराण लावायचे, "वहिनी, एकदा त्या घोडीशी कसा वागतो ते बघ. तो बदलू शकतो गं." ती ऐकून घ्यायची आणि चहा टाकायला उठायची. शेवटी एकदा म्हणाली, "येते. छोटीलाही आणते. तुम्ही म्हणता तसा तो खरंच असेल, तर परत यायचा विचार करीन." मी दादाला सांगितलं, त्यानंतर तीन दिवस तो माझ्याकडे जेवताना ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठत होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळची चाल अशी झाली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगाम सैल, मान कमानदार, एक पाऊल चुकलं नाही. दोरीपलीकडे वहिनी छोटीचा हात धरून उभी होती. छोटीने विचारलं, "बाबा तिच्या कानात काय सांगतात?" वहिनी म्हणाली, "माहीत नाही." पण ती टक लावून बघत होती. मी मनातल्या मनात तिचं सामानसुद्धा परत आणून लावून टाकलं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. दौडीतल्या पाण्याच्या अडथळ्यावर मिरी सरावात दोनदा अडली होती. आडवा ओंडका ओलांडून थेट तळ्यात उडी घ्यायची होती. वहिनीसमोर दादा बाद झाला तर? सुटण्याच्या जागेवर बघितलं, तर प्रत्येक स्वाराच्या हातात चाबूक, याचेच हात रिकामे. शेजारच्या बाईंकडून एक मागून घेतला आणि त्याच्यापुढे धरला.

"नको," तो म्हणाला.

"नुसता टेकवायला रे. सगळ्यांकडे आहे."

"नको म्हटलं ना."

"वहिनी तळ्यापाशी जाऊन उभी राहिलीय. तिच्यासमोर बाद होणार आहेस का?"

त्याने चाबूक घेतला. सहा वर्षं स्वतःच्या अकलेने त्याने जो लांब ठेवला होता, तो मी त्याच्या हातात कोंबला.

पहिले पाच अडथळे मिरीने झपाट्यात घेतले. मी धापा टाकत तळ्यापाशी पोचले तेवढ्यात ती उतारावरून आली आणि ओंडक्यापाशी चारही पाय रोवून थांबली. दादा तिच्या मानेवर आदळला, नाकातून रक्त आलं. त्याने तिला वळवून पुन्हा आणलं. ती पुन्हा अडली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. गर्दीत कोणीतरी फिदीफिदी हसलं. दादाचा चेहरा बदलला. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते.

पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगडीवर. नियमाने दोनच फटके चालतात, तिथेच थांबायला हवं होतं. पंचाने शिट्टी फुंकली. तिसरा, चौथा, पाचवा. मानेवर, कानांवर, डोळ्यांवर, जिथे बसेल तिथे. मिरी किंचाळली. घोडी किंचाळते हे मला तोवर माहीत नव्हतं. तिचा पाय ओंडक्यावरून घसरला आणि दोघे पाण्यात कोसळले. मला वाटलं, आता तरी थांबेल. तो चिखलातून उठला, तिचा लगाम एका हाताने आवळला आणि चाबकाच्या मुठीने तिच्या तोंडावर मारत सुटला. चाबूक मोडला तेव्हा बुक्क्यांनी. पंच पाण्यात उतरले तर त्यांच्या छातीत लाथ घालून त्यांनाही पाडलं. शेवटी चौघांनी मिळून त्याला काठावर पालथा दाबून धरला. चिखलात तोंड, आणि त्यातून शिव्या.

मिरी पळाली नाही. पापणी फाटली होती, लगाम पाण्यात लोंबत होता, आणि ती थरथरत तिथेच उभी राहिली. मारणाऱ्यापासून पळायचं असतं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

मी वळून बघितलं. वहिनीने छोटीचं तोंड आपल्या पोटाशी दाबलं होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ताई, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. सहा वर्षं त्याने हिच्यावर हात उचलला नाही."

"वहिनी, चाबूक मी दिला गं. चूक माझी आहे."

"असेल. पण म्हणजे त्याला हात आवरता येत होता. माझ्या वेळी का नाही आवरला?" असं म्हणून तिने छोटीला कडेवर घेतलं. सात वर्षांची मुलगी, कडेवर मावत नव्हती, तरी घेतलं. दोघी गर्दीतून गेल्या.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी मिरीच्या पापणीला टाके घातले. दादा दहा हातांवर उभा होता. पंचांनी त्याला कायमचं बाद केलं होतं, पण ते त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. मी लगाम हातात घेतला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "हिला उस्तादांकडे नेऊन ठेव. माझ्याजवळ ठेवू नकोस. मी पुन्हा मारीन."

त्याला इतकं खरं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मला त्याची दया यायला हवी होती. पण माझं डोकंच फिरलं.

"घोडीबद्दल कळतं तुला?" मी ओरडले. "बायकोबद्दल हे एकदा तरी म्हणाला असतास! तिला माझ्यापासून लांब ठेवा म्हणून. तिचा कान फुटायच्या आधी!"

मला वाटलं आता माझ्या थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तो दोन्ही हात काखेत दाबून उभा राहिला.

"चाबूक लांब ठेवता आला," तो म्हणाला. "हात कुठे ठेवू?"

"तू कुठे जा ते तू बघ," मी म्हटलं. "तिने का घर सोडायचं?"

मी मिरीला चालवत उस्तादांकडे घेऊन गेले. अर्धी वाट तो मागून येत होता, मग दिसला नाही. पुढच्या महिन्यात त्याने घर रिकामं करून किल्ली माझ्याकडे आणून दिली, वहिनीला दे म्हणाला, आणि स्वतः कामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. मी ती किल्ली वहिनीला नेऊन दिली. तिने घेतली. त्याच्याबद्दल चांगलं एक अक्षरही मी त्या दिवशी बोलले नाही, आणि नंतरही नाही.