कांदाचाळीचं पोस्टर

तुम्ही पिक्चरमध्ये नेमकं काय करता, असं कुणी विचारलं की कमरोद्दीनचं डोकं फिरत असे. पडद्यावर त्याच्या नावापुढं 'निर्मिती व्यवस्थापक' असं यायचं. शब्द भारदस्त होता. अर्थ मात्र एवढाच की बोकड हवा असला तर कमरोद्दीन, ग्रामपंचायतीची परवानगी हवी असली तर कमरोद्दीन, हिरोइनची आई रुसली तर तिची समजूत काढायलाही कमरोद्दीन, आणि पिक्चर पडला की शिव्या खायला पहिला नंबर त्याचाच.

मूळचा तो शहराच्या छावणी भागातला मंडप-डेकोरेशनवाला. खुर्च्या, कनाती, माइक, जनरेटर हा बापापासूनचा धंदा. एकदा कॉलेजातली नाटकवाली पोरं जनरेटर मागायला आली. शॉर्ट फिल्म करतोय, बजेट नाही, म्हणाली. जनरेटर परक्याच्या हाती सोपवायला जीव होईना म्हणून हा बरोबर गेला. बघतो तर इतकी माणसं उन्हात उभी, आणि दुपारचं जेवण कुठून येणार हे एकालाही ठाऊक नाही. कमरोद्दीननं त्यांना खिचडी करून घातली आणि तेव्हापासून अडकला तो अडकलाच. पुढं शहरात ज्याला ज्याला पिक्चर काढायची खाज सुटे आणि खिसा फाटका असे, तो थेट छावणीत येई आणि म्हणे, "कमरूभाई, जरा ॲडजस्ट करावं लागंल." मराठवाड्यातला सगळा चित्रपटाचा धंदा या एका 'ॲडजस्ट' शब्दावर उभा आहे, असं कमरोद्दीनचं ठाम मत होतं. त्याची बायको जमिला म्हणे, "दुसऱ्याच्या बारातीत नाचायचा शौक है तुमकू." त्यावर तो तिच्यावरच चिडे.

तात्यासाहेब हा अशा फाटक्या खिशाच्या लोकांतला सर्वांत चिवट. बजाजनगरात राहायचा, वाळूजला कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात पिक्चरचे विचार करायचा. तात्यासाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. लंगोटात होता तेव्हापासून लोक त्याला आदरानं हाक मारत आले, त्याचा थोडा परिणाम झालाच होता. तो गोष्ट घेऊन आला ती अशी: एक एकटी म्हातारी आपल्या कांदाचाळीची राखण करत भाव यायची वाट बघते, पोरं शहरात, कांदा हळूहळू सडत जातो, आणि शेवटी रिकाम्या चाळीपुढं ताटातली भाकरी तशीच ठेवून ती बसून राहते.

"आन मग?" कमरोद्दीननं विचारलं.

"मग काही नाही. तेच तर आहे कमरूभाई."

"गाणं?"

"नाही."

कमरोद्दीननं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्याच दिवशी वैजापूरकडं जागा बघायला निघाला. नाही म्हणायची अक्कल अल्लानं आपल्याला दिली नाही, असं तो वाटेत स्वतःलाच बोलत होता.

वैजापूरच्या बाजूला कांदाचाळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उन्हाळी कांदा काढला की तो लाकडी पट्ट्यांच्या लांबोळक्या शेडमध्ये भरतात, खालून-वरून वारा लागावा म्हणून फटी ठेवतात. ती चाळ. पिक्चरचं नावही तात्यासाहेबानं तेच ठेवलं, 'कांदाचाळ'. याच्याइतकं सरळ नाव दुसरं नसेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

शूटिंग एका खेड्यात झालं. घर फुकट, बैल फुकट, बाजा-खाटा फुकट, माणसं फुकट. मंडपातल्या कूलरच्या चाकाच्या गाड्यावर कॅमेरा बसवला, तीच ट्रॉली. तात्यासाहेबाला शांतता हवी असायची, आणि गावात पिठाची गिरणी होती. दर शॉटला कमरोद्दीन धावत जाऊन गिरणी बंद करवी आणि शॉट संपला की धावत जाऊन चालू करवी. अर्ध्या गावाच्या भाकरी त्या दिवसांत उशिरा झाल्या. म्हातारीच्या कामाला शहरातून जी नटी यायची होती ती ऐन वेळी आलीच नाही, तिला मालिका मिळाली. तेव्हा जिच्या चाळीत शूटिंग होतं ती सरूबाई दारात उभी राहून हसत होती. तात्यासाहेबानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, हीच.

सरूबाईनं काम चोख केलं. कॅमेरा आहे हे ती विसरूनच जाई. पण तिथंच घोळ झाला. तिची थोरली जाऊ दगडाबाई त्याच अंगणात पलीकडच्या दारात राहायची. दोघी एका मांडवाखालून त्या घरात आलेल्या, दोघी विधवा, दोघींची चूल वेगळी पण मिरचीचं वाळवण एकच. पहिल्या दिवसाचं शूटिंग बघून दगडाबाई अंगणातच म्हणाली, "नातवंडाची आजी झाली, आन तमाशात उभी राहिली." त्या दिवसापासून तिनं सरूबाईशी बोलणं टाकलं. तिचं बघून भावकीतल्या बायकांनी सरूबाईला सणावारालाही घरात न येता वाटेवरूनच राम राम करायला सुरुवात केली.

शूटिंग उरकलं, सामान टेम्पोत चढलं, तेव्हा सरूबाई कमरोद्दीनजवळ आली. "कमरूभाऊ, मला दुसरं काय नको. आक्काला हे थेटरात दाखवा. मोबाइलवर नाय. मोबाइलवर समदंच छचोर दिसतं. तिनं डोळ्यानं बघितलं की बोलंल माझ्याशी."

"जबान दिली," कमरोद्दीन म्हणाला. बोलून गेला खरा. बोलायला काय लागतं.

पुढं दोन वर्षं गेली. पिक्चर फेस्टिव्हलांना गेला, परदेशातही एका ठिकाणी गेला, टाळ्या झाल्या. तात्यासाहेबाच्या पोस्टरवर पानांच्या कंसात फेस्टिव्हलांची नावं आली. ती पानं बघून छावणीतला एकजण म्हणाला, "कसल्या झाडाची जाहिरात हाय ही?" थेटरवाल्यांना त्या पानांचं काहीच नव्हतं. ते म्हणत, वितरक आणा. वितरक म्हणत, चेहरा आणा. तात्यासाहेब सोशल मीडियावर लिहायचा, त्याखाली शेकडो लोक 'अभिनंदन, नक्की बघणार' असं लिहायचे, आणि फोनवर विचारायचे, "ओटीटीवर कधी येतोय?" या प्रश्नाचा कमरोद्दीनला इतका तिटकारा आला होता की मशिदीच्या दारात एका भल्या माणसानं तो विचारला तेव्हा हा चप्पल न घालताच घरी आला.

शेवटी मुंबईचा एक वितरक तयार झाला. जाहिरात, पोस्टर, ट्रेलर, सगळं आमच्याकडं, तुम्ही फक्त पिक्चर द्या, म्हणाला. तात्यासाहेबानं पेढे वाटले. कमरोद्दीननं पेढा खाल्ला, पण त्याला वाटलं की जो माणूस सगळं करतो म्हणतो तो पिक्चर बघतो तरी का?

नव्हताच बघितला. शुक्रवारी पिक्चर लागणार, आणि त्याच्या दोन दिवस आधी पोस्टर थेटरांच्या दारात पोचलं. पोस्टरवर मुंबईची तीनमजली चाळ होती. कठड्यावर लुंगीतले लोक ओणवून हसत होते, जिन्यात आखूड कपड्यातली एक पोरगी डोळा मारत होती, आणि खाली एक जाडा माणूस कांद्यावरून घसरून पडत होता. वर लिहिलं होतं: 'हसून हसून डोळ्यांत पाणी!' सरूबाई कुठंच नव्हती.

फोन कमरोद्दीननं लावला.

"चाळ म्हणजे चाळच ना?" पलीकडून वितरक म्हणाला.

"साहेब, ती कांदे ठेवायची चाळ. त्यात माणसं ऱ्हात नाय."

"असं होय? आम्हाला वाटलं कॉमेडी. असू द्या, लोक तर येतील."

लोक आले, हेच दुर्दैव. कुणीच आलं नसतं तर पिक्चर बिचारा गपगुमान गेला असता. शुक्रवारच्या सकाळच्या खेळाला बजाजनगरातून बायकापोरांसह कुटुंबं आली, पोरांच्या हातात पॉपकॉर्न. म्हातारी कांद्याला हात लावून बघते त्या पहिल्याच दृश्याला दोघं-चौघं हसलेसुद्धा, आता पुढं काहीतरी गंमत होणार म्हणून. मग हसणं थांबलं. मग कुजबुज. मध्यंतरात एका गृहस्थानं कमरोद्दीनला दारातच धरलं.

"चाळ कुठाय?"

"ती काय समोर. मघापासून तीच दाखवतोय."

"ती शेड आहे."

"हौ, तिलाच चाळ म्हणतात."

"मग चाळ कशाला लिहिलं?" तो माणूस ओरडला, आणि कमरोद्दीनला पहिल्यांदाच आपल्या मातृभाषांपैकी एकीचाही काही उपयोग नाही असं वाटलं.

संध्याकाळी थेटरच्या मॅनेजरनं सांगितलं की उद्यापासून पिक्चर उतरवला. कमरोद्दीननं हात जोडले नाहीत, तो चिडला. "तुमच्या पोरीच्या लग्नात ऐन जेवणावळीत वादळ आलं, तेव्हा मंडपाचे खांब धरून कोण उभं होतं? रविवारचा एक खेळ द्या. नंतर नाव काढणार नाय." मॅनेजरनं सकाळचा एक खेळ दिला. तात्यासाहेबाला तेवढाही नको होता. तो म्हणाला, आता कशाला, अब्रू गेलीच आहे. "तुझी गेली," कमरोद्दीन म्हणाला, "माझी जबान अजून बाकी हाय." आणि शनिवारी सकाळीच त्यानं गाव गाठलं.

तिथं वेगळाच प्रकार झाला होता. पोस्टर नातवाच्या मोबाइलवरून दगडाबाईपर्यंत पोचलं होतं. ती ओट्यावर बसली होती, मोबाइल तिच्या मांडीवर, आणि भावकीतल्या बायका भोवती. सरूबाई आपल्या दारात उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"ये बाबा," दगडाबाई म्हणाली. "सांग बरं, यातली सरू कुठली? ही डोळा मारती ती का?"

"मावशी, ते पोस्टर चुकीचं हाय. मुंबईवाल्यानं—"

"मुंबईवाल्यानं काय पदरचं केलं? हितं काय झालं ते म्या डोळ्यानं बघितलंय."

कमरोद्दीननं समजावलं. चाळ आणि चाळ यातला फरक सांगितला, तेव्हा बायका आणखीच हसल्या, कारण हा फरक न कळणारं माणूस जगात असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. सरूबाई आत निघून गेली. ते बघून मात्र कमरोद्दीनचा तोल गेला. दोन वर्षांचं सगळं, गिरणी, फेस्टिव्हल, तो चप्पल विसरायला लावणारा प्रश्न, सगळं त्या ओट्यापुढं बाहेर पडलं.

"दगडाबाई मावशी, बघितल्याबिगर शिव्या द्यायच्या हा कुठला कायदा? उद्या थेटरात या. पुरं बघा. मग तिथंच उभ्या राहून द्या शिव्या. माइक मी आणून देतो, घरचाच हाय."

दगडाबाईनं मोबाइल नातवाला परत दिला.

"येते," ती म्हणाली. "भेते का काय तुला? शिव्या द्यायलाच येते."

रविवारी मंडपाच्या टेम्पोतून आणि मिळेल त्या गाडीतून निम्मं गाव शहरात आलं. सरूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या बाजूला बसली. दगडाबाई सगळ्यांत मागच्या रांगेत, डोईवरून पदर घट्ट घेऊन, कारण आत गार होतं आणि तिला ते अजिबात आवडलं नव्हतं. पिक्चर सुरू झाला तसा थेटराचा गावचा पार झाला. "आरं, हे तर गणपाचं बैल." "चाळीमागचा लिंब बघ कसा दिसतो." "सरूबाई, कांदा लई भरला व्हता गं तवा." तात्यासाहेबानं जी शांतता गिरणी बंद करवून करवून गोळा केली होती ती पाण्यात गेली. तो खुर्चीत चुळबुळत होता.

"कमरूभाई, गप्प बसायला सांगा ना त्यांना."

"तूच सांग. माझं कोण ऐकतं?" कमरोद्दीन भिंतीला टेकून उभा होता. त्याचं लक्ष पडद्याकडं नव्हतंच, मागच्या रांगेकडं होतं. तिथून अजून एक शब्द आला नव्हता, आणि ही बाई शेवटी उभी राहून काय बोलेल याचाच तो अंदाज घेत होता.

शेवटचं दृश्य आलं. चाळ रिकामी. सरूबाई तिच्यापुढं बसलेली, ताटात भाकरी, हात मांडीवर. ती भाकरीकडं बघत नाही. कुठंच बघत नाही. गाव हळूहळू गप्प झालं. दोन वर्षांत पहिल्यांदा तात्यासाहेबाला हवी तशी शांतता पडली, आणि त्या शांततेत मागून खणखणीत आवाज आला.

"सरू, जेव की गं आता. सकाळधरनं उपाशी हायस तू."

तात्यासाहेबानं डोकं धरलं. पुढच्या रांगेत सरूबाई खुर्चीत पुरती मागं वळली. पडद्यावरची सरूबाई तशीच बसून होती.

"जेवले व्हते आक्का," खुर्चीतली सरूबाई म्हणाली. "ते पिक्चरातलं हाय."

"मला काय ठाव." मग मागून विचारलं गेलं, "काय खाल्लं व्हतं?"

"पिठलं."

"क्लायमॅक्स गेला," तात्यासाहेब कुजबुजला आणि त्यांना गप्प करायला उठू लागला. कमरोद्दीननं त्याचा खांदा धरून त्याला खाली दाबलं. "बस गुमान," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्याला रागच आला.

मागच्या रांगेत खुर्ची वाजली. दगडाबाई अंधारात एकेक पाठ चाचपत, लोकांचे पाय तुडवत, पुढं येत होती. सरूबाईच्या रांगेशी ती थांबली.

"सरक तिकडं," ती म्हणाली.