एस्टिल कूम्सचे पाटे

"बसली तर पाटा वाढवा," असं एस्टिल कूम्स म्हणायचा.

उभा जन्म त्याने कोळशाचे ट्रक दुरुस्त करण्यात घालवला. ओझ्याने ट्रकची मागची बाजू बसली, की आसावर एकावर एक रचलेल्या पोलादी कमानींत, म्हणजे पाट्यांत, तो आणखी एक पाटा घालायचा. ट्रक पुन्हा ताठ उभा राहायचा. पुढे हे बोलणं त्याच्या जिभेवर असं बसलं की कुणाची ओसरी कलली, कुणाचा पोरगा दारूला लागला, तरी एस्टिलचं उत्तर तेच. आमच्या खोऱ्यात लोक त्याला हसायचे आणि आपला मोडका ट्रक त्याच्याच दारात आणून उभा करायचे.

आता खाणी बंद पडल्या होत्या, ट्रक गेले होते. एस्टिलकडे उरली होती ती रोजची पिकअप आणि सत्तर सालची नोव्हा. काळी, रुंद खांद्यांची गाडी. सुरू केली की ओसरीवरच्या कपबशा किणकिणायच्या. तिच्यातूनच त्याने ऑर्लीनाला लग्न करून आणलं होतं.

त्या हिवाळ्यात ऑर्लीना अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि तिच्या पाठीचा मणका चेपला. हाडं ठिसूळ झालीत, धक्का लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. तिने ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर खुर्चीत बसून कागदाची फुलं करायला घेतली. मे महिन्यातल्या रविवारी आमच्याकडे सगळी भावकी डोंगरावरच्या थडग्यांना फुलं वाहायला जाते. ऑर्लीनाची पहिली मुलगी तिथे होती, नाव ठेवायच्या आधीच गेलेली. एकही वर्ष ऑर्लीना चुकली नव्हती. फुलं वितळलेल्या मेणात बुडवून ती दोरीवर वाळत घालायची. मेण लावलं की पाऊस लागत नाही.

"मला तेवढं वर ने," ती एस्टिलला म्हणाली. "एवढंच मागते."

एस्टिलच्या पिकअपमध्ये तिला चढवत नव्हतं. नोव्हाची सीट खाली होती, तिच्यात ती नीट बसू शकत होती. पण नोव्हाचे मागचे पाटे थकले होते. खड्डा आला की मागची बाजू दाणकन आपटायची, आणि तो दणका थेट पाठीत शिरायचा.

ऑर्लीनाच्या बहिणीचा मुलगा डॉर्सी शहराकडे जुन्या गाड्या सजवायचा. तो एका शनिवारी आला, गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच बोलला, "काका, हे पाटे काढून फेका. वेटोळ्याच्या स्प्रिंगा घालू, आस चार दांड्यांवर धरू. मावशी पाण्यावरून गेल्यासारखी जाईल."

"आणि त्या दांड्या बसवायच्या कुठं?"

"मागची फरशी थोडी कापावी लागेल."

"कापावी लागेल!" एस्टिल म्हणाला. "तुला दुखणं झालं म्हणून तुला कापू का मी?"

"मग माझ्या गाडीतून न्या मावशीला. नवी आहे, मऊ आहे."

"माझी बायको आपल्या लेकीकडे दुसऱ्याच्या गाडीतून जाणार नाही."

डॉर्सी गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि मावशीकडे बघितलं. ऑर्लीना फुलाची पाकळी वळत होती. तिने मान वर केली नाही.

सोमवारी एस्टिल गावातल्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदार व्हर्लिन हुशार माणूस. काय हवं, यापेक्षा कशासाठी हवं, हे तो आधी विचारायचा. पण त्या दुकानात शेगडीभोवती सकाळपासून कॉफी पीत बसणारी मंडळी होती, आणि त्यांत एस्टिलचा खाणीतला जुना सोबती होबर्ट होता.

"नोव्हाला मागचे पाटे," एस्टिल म्हणाला.

"नुसतं हिंडायला, काका? की पळवायची आहे?" व्हर्लिनने विचारलं. "मागे ओझं काय असणार?"

एस्टिलच्या तोंडापर्यंत आलं होतं. माझ्या बायकोची पाठ, असं एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात होबर्ट शेगडीपासून ओरडला, "पळवणार म्हणे! याने गाडी पळवली तर दात पुढे जातील आणि हा मागे राहील!"

मंडळी खदखदून हसली. एस्टिलचे कान लाल झाले.

"कडक दे," तो म्हणाला. "आहेत त्यांत सगळ्यात कडक."

"काका, ते जोरात सुटणाऱ्या गाडीला असतात. रोजच्या रस्त्याला फार—"

"ट्रकच्या पाट्यांत जन्म गेला माझा. बसली तर पाटा वाढवायचा. मला नको शिकवू."

व्हर्लिनने पाटे आणून दिले.

एस्टिलने ते स्वतः बसवले. गाडी मागून उंच झाली, तरण्या घोड्यासारखी दिसायला लागली. त्याने शॉकअपही नवे घातले, कापडाने दिवे पुसले आणि ऑर्लीनाला हाक मारली. तिने पाठीचा पट्टा आवळला, त्याचा हात धरून आली, बसली. ओढ्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं.

गाडी आता आपटत नव्हती. ती आपटण्याइतकी वाकतच नव्हती. रस्त्यावरचा एकेक खडा सीटमधून वर येत होता. एस्टिलला ते हातातल्या स्टिअरिंगमधून कळत होतं, पण तो पुढे बघत राहिला. ती आत्ता बोलेल, मग बोलेल, म्हणून वाट बघत होता. ऑर्लीनाने दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. तिची बोटं पांढरी झाली होती.

अंगणात परत आल्यावर ती लगेच उतरली नाही.

"एस्टिल," ती म्हणाली, "मी कोळसा नाही रे."

मग तीच हळूहळू दार उघडून, दाराला धरून उभी राहिली आणि एकटी घरात गेली.

तो गाडीपाशी बसून राहिला. संध्याकाळ उतरली, कोंबड्या खुराड्यात गेल्या, तरी बसून होता. त्याने आयुष्यात कधी पाटा कमी केला नव्हता. पाटा काढायचा म्हणजे ओझ्यापुढे हात टेकायचे, असं त्याला वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, बोल्ट सोडले आणि दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला. हाताने दाबून बघितलं. अजून एकेक काढला. काढलेले पाटे त्याने शेडच्या भिंतीला उभे केले, तोंड भिंतीकडे करून.

गाडी आता मऊ होती आणि मागून खाली बसली होती. शेजारून जाताना कुणीतरी विचारलंच, "एस्टिल, बसली की रे तुझी घोडी! पाटा वाढव ना!" एस्टिलने पान्यावरची नजर काढली नाही.

फुलांच्या रविवारी तो हळू निघाला. मागच्या सीटवर तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी आणि खोक्यात फुलं होती. प्रत्येक खड्ड्याआधी तो थांबायचा आणि चाक चोरपावलाने उतरवायचा. ऑर्लीनाने सीटची कड धरली नव्हती. हात मांडीवर होते. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "डॉगवूडचा बहर येऊन गेला यंदा, दिसलाच नाही मला." गेल्या कितीतरी दिवसांत तिने आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला रस्ता ओढ्यातून जातो. वसंतातल्या पुराने तिथे गोटे आणून टाकले होते. नोव्हाची पुढची चाकं गेली, आणि मागून धातू दगडावर घासल्याचा आवाज आला. एस्टिलने गाडी मागे घेतली, दुसरीकडून नेऊन बघितली. तिथेही तेच. काढलेल्या पाट्यांनी जेवढी मऊ केली होती, तेवढीच ती खाली आली होती. रेटली असती तर गेली असती, पण दणक्याशिवाय नाही.

त्याने इंजिन बंद केलं. वरून गाण्याचा आवाज येत होता. भावकी जमली होती.

"डॉर्सीला वरून बोलावू?" त्याने विचारलं. "त्याची गाडी उंच आहे."

ऑर्लीनाने ओढ्याकडे बघितलं. "नको. इथवर बरी आले. आता पाठ नाही म्हणते." मग थांबून म्हणाली, "तू जा."

"मी?"

"फुलं घेऊन जा."

एस्टिलने मागच्या खोक्याकडे बघितलं. दर वर्षी तो वर जायचा तो गाडीचं बॉनेट उघडून पुरुषांना इंजिन दाखवायला. थडग्यांत ऑर्लीना एकटी जायची. मुलगी गेली तेव्हा तो वर्षभरासाठी उत्तरेकडे कारखान्यात कामाला होता, परत आला तेव्हा माती बसली होती. तिथे नाव कोरलेला दगड नव्हता. ओढ्यातला साधा धोंडा उभा केलेला, आणि तसे कितीतरी धोंडे तिथे होते.

"कुठला तिचा?" तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं.

ऑर्लीना त्याच्याकडे वळली नाही. "तुझ्या आईच्या पायाशी. कलला आहे. सरळ नको करूस, तो तसाच असतो."

एस्टिलने खोक्यातली फुलं काढली, बूट न काढताच ओढ्यात उतरला. पाणी घोट्यापर्यंत आलं. पलीकडे चढ लागला तसा तो वाकून, फुलं छातीशी धरून चालू लागला, आणि एकदाही त्याने मागे बघितलं नाही. ऑर्लीनाने काच खाली केली. झाडांत त्याची टोपी दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत होती.