अंगावरची काच

"त्या ग्लासाला हात लावू नकोस. तुझ्या अंगाला काच असते. ओंजळीने पी."

शेठ म्हणाले. मी हात मागे घेतला आणि फिल्टरच्या नळाखाली ओंजळ धरली.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा फायबरचा गाळा. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, ब्रशने चिकट रेझिन पाजायचं, रोलर दाबून बुडबुडे काढायचे. वाळलेला माल घासताना काचेची भुकटी उडते, अंगाला टोचते. म्हणून मला शेठचं पटलं. बरोबरच बोलले, असंच वाटलं.

माझ्या मागोमाग हेमाताई आली. मालवणची, माझ्याच साच्यावर काम करणारी. कोपरापर्यंत माझ्याइतकीच भुकटी. तिने तोच ग्लास उचलला, घटाघटा प्यायली. शेठ बघत होते. काही बोलले नाहीत.

आदल्याच दिवशी त्यांनी सहज विचारलं होतं, रविवारी कुठे असतेस. मी म्हटलं होतं, बुद्धविहारात.

डोकं सणकलं. आम्ही साच्यापाशी परतलो. साचा बागेतल्या घसरगुंडीचा होता. हेमाताईने रेझिनच्या बादलीत हार्डनर घातला आणि ब्रश चालवायला घेतला. एकदा हार्डनर पडला की माल थांबत नाही, बघता बघता घट्ट होतो, ब्रशच्या मागोमाग रोलर फिरलाच पाहिजे. मी रोलर खाली ठेवला.

"अगो, माल वाया जातलो. मागसून बोल," हेमाताई कुजबुजली.

"शेठ," मी मोठ्याने विचारलं, "हेमाताईच्या अंगाला काच नसते का?"

"काम कर. नाटकं नकोत."

मी बसून राहिले. रोलरविना हेमाताईचा ब्रशही अडला. बादली तापली, धुरावली, दगड झाली. साच्यावरची चटई बुडबुड्यांसकट वाळली.

ते सगळं हेमाताईला छिन्नीने फोडावं लागलं. तिच्या तळहाताला फोड आले. तिला न विचारता मी तिला त्यात ओढलं. ती माझ्याशी बोलत नाही आणि तिचं चूक नाही. हे मला खातं. चांगला माल माझ्या हाताने नासला, तेही खातं.

पण सगळ्यात जास्त ती ओंजळ खाते. गावात माझ्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. तिला दुसरा इलाज नव्हता. मी इथे मुंबईत, कमावती बाई, शेठचं कारण खरं मानून हात पुढे केले. वर मनातल्या मनात मानही डोलावली.

उद्या कामावर जाणार आहे. हेमाताईची माफी मागेन. शेठची मागणार नाही. काढायचं तर काढा मला, पण खरं कारण स्वतःच्या तोंडाने सांगून काढा.