धौलीच्या खडकावर नसलेला लेख

दादाराव रोज सकाळी चहाआधी सम्राट अशोकाच्या शिलालेखातली एक ओळ ब्राह्मी लिपीत वहीत उतरवत. भुसावळच्या शाळेत शिकवताना लागलेली ही सवय परदेशात, हूफडॉर्पला मुलाकडे राहायला आल्यावरही सुटली नाही. सायकलचं कुलूप काढताना सून हर्षाला खिडकीतून त्यांची वाकलेली मान दिसायची.

दर अशोक विजयादशमीला तिथल्या भारतीय मंडळाच्या हॉलमध्ये दादाराव गुरुजींचं भाषण ठरलेलं. विहिरी, रस्त्याकडेचे वड, माणसांसोबत जनावरांनाही औषधपाणी, सगळं ते सांगत. पण लोक वाट पाहत शेवटाची. कलिंगच्या संहाराचा पश्चात्ताप राजाने कलिंगातच, धौलीच्या खडकावर कोरला. हरलेल्यांच्या दारात जाऊन चूक कबूल करणारा राजा! हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं होतं.

यंदा धौलीचे लेख उतरवताना ते अडले. दहाव्यानंतर थेट चौदावा. त्यांनी पुस्तकं पुन्हा काढली. मारलेले लाख, पकडून नेलेले दीड लाख, राजाचं दुःख, सगळं तेराव्या लेखात. तो गिरनारला होता, दूर शाहबाजगढीला होता. कलिंगातच नव्हता.

ऐकून दहा वर्षांची नात धम्मदीपा इंग्रजीत म्हणाली, मग कलिंगच्या लोकांना कुणी सॉरी म्हटलंच नाही. आजोबांनी ही चूक भाषणात सांगायचं ठरवलं.

मुलाने, रविराजने सुचवलं की तेवढं वाक्य गाळा, कुणाला कळणार नाही. दादारावांनी ऐकलं नाही. मग मंडळाच्या हेमचंद्रांचा फोन आला.

"गुरुजी, सणाच्या दिवशी राजाला कशाला फैलावर घेताय?"

"राजाला नाही हो. चुकलोय मी."

हॉलमध्ये विहिरी आणि वड सांगून झाल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली. म्हणाले, मी चाळीस वर्षं चुकीचं शिकवलं. तो लेख धौलीला नाही. का नाही, ते आपल्याला ठाऊक नाही. बाकी राज्यात राजाने आपल्या हातून मेलेल्यांचा आकडा स्वतः कोरून ठेवला, हेही तितकंच खरं. टाळ्या वाजल्या नाहीत. हर्षाला वाटलं, आता थांबतील.

ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जुन्या विद्यार्थ्यांना फोन सुरू झाले. नंबर हर्षाने शोधून दिले. कुणी हसे, एवढ्यासाठी गुरुजी परदेशातून फोन करतात म्हणून. ते पुन्हा पहिल्यापासून सांगत, आणि समोरच्याकडून वदवून घेत.

डिसेंबरात एकच नाव उरलं. सरला, आता जळगावात मुख्याध्यापिका. वर्गात हेच वाक्य शिकवत असणार. फोन लागेना, म्हणून त्यांनी निरोप ठेवला.

त्या दुपारी ते झोपेतच गेले. आडवं होताना पांघरूण ओढत हर्षाला म्हणाले होते, "सरलाचा फोन आला तर उठव मला. झोपलेत म्हणून ठेवून देऊ नकोस."