चुंबकाशिवाय

चक्रीसरांना ऑफिसात खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. वहीत, कागदी रुमालावर, एकदा तर साहेबांच्या नोटिशीच्या पाठीवरसुद्धा ते एकच चित्र काढत: वर्तुळ, आत बाण आणि बाहेर तीन दारं. पहिल्या दारातून आलेला सिग्नल दुसऱ्यातून बाहेर पडायचा, दुसऱ्यातला तिसऱ्यातून, आणि माघारी अजिबात वळायचं नाही. याला सर्क्युलेटर म्हणतात. रडारमध्ये बसवायला बाजारात तो मिळतो, पण त्याच्या पोटात चुंबक असतो आणि चुंबक काही चिपवर मावत नाही. सरांना तेच काम नुसत्या ट्रान्झिस्टरांकडून करून घ्यायचं होतं, तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपवर. या हट्टापायी अकरा वर्षं गेली आणि तीन चिपा वाया गेल्या.

चौथी मंजूर करताना साहेबांनी हात टेकले. "ही शेवटची. नाही जमली तर तुमचा विभाग बंद."

चौथीचं मोजमाप मी केलं. उलट्या दिशेने जवळजवळ काहीच जात नव्हतं. पडद्यावरची रेघ तळाला चिकटली होती. सर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी घरी फोन केला, "अगं, जमलं." संध्याकाळी मी अहवाल साहेबांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सर वहिनींना घेऊन आले. वहिनी मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाल्या, "एवढ्याशासाठी माझी अकरा वर्षं खाल्लीत होय?" सर चक्क लाजले. वहिनींना नीट दिसावं म्हणून मी केबल बाजूला धरली. तिच्या टोकाला धातूचा एक चौकोनी ठोकळा होता.

"आणि हे काय?" वहिनींनी विचारलं.

तो आयसोलेटर होता. त्याच्याही पोटात चुंबकच. सिग्नल एका बाजूने सोडतो, उलट आला की गिळून टाकतो. आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका कामासाठी मीच तो लावला होता आणि काढायचा राहिला होता. उलटा सिग्नल चिप अडवत नव्हती, हा ठोकळा अडवत होता.

सरांनी पाना घेतला, ठोकळा सोडवला आणि केबल परत जोडली. रेघ वर आली. वहिनींना रेघेतलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. "चला, घरी जाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

मी म्हणाले, "सर, अहवाल गेलाय. पाचवी चिप मिळेपर्यंत गप्प बसू या की."

"आणि ही चिप ज्याच्या रडारमध्ये बसेल, त्याला काय सांगायचं?" सर म्हणाले. घरी जायच्या आधी त्यांनी साहेबांना चार ओळी लिहिल्या. त्यातली एक होती, 'आयसोलेटर काढायला मी विसरलो.'

विभाग बंद झाला. मला बढती देऊन दुसरीकडे नेलं. सर आता तळमजल्यावर बसतात आणि बाहेरून विकत आणलेले सर्क्युलेटर तपासतात, चुंबकवाले. त्यांच्या टेबलावरचा कागद आता कोराच असतो.

कधी चहाला खाली गेले की विचारते, "कसे आहेत?"

"उत्तम. उलटं काही जात नाही," ते म्हणतात, आणि पुढचा उचलतात.

वर येताना वाटेत साहेबांची खोली लागते. दोन वर्षं झाली, मी अजून तिथे थांबलेले नाही.